काळ जोडणारी कात्री



बालाघाटच्या आमच्या शाळेत मी दरवर्षी मुलांना कुंडीत वाटाणे पेरायला लावतो आणि रोपाचे रोज एकेक चित्र काढून घेतो. महिन्याअखेर ती चित्रे एकावर एक रचून अंगठ्याने झरझर उलटली, की रोप डोळ्यांदेखत वाढू लागते आणि वर्गात एकच आनंद उसळतो.

ही कल्पना माझी नव्हे. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याचे रोप असेच दिवसांमागून दिवस थोडे थोडे चित्रित केले. महिन्याभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली आणि ती पाहून त्यांना भांडवल मिळाले. मधला काळ गाळायचा, आणि गाळल्याची खंत प्रेक्षकाला वाटू द्यायची नाही, हेच चित्रपट-संकलनाचे मर्म होय.

संकलनाच्या रीती साध्याच आहेत. एक दृश्य तोडून त्याला थेट दुसरे जोडणे हा छेद. देव एकाएकी प्रकट करायचा तर कॅमेरा थांबवावा, नट उभा करावा आणि पुन्हा कळ फिरवावी. पॅरिसचा जादूगार मेलिएस ही युक्ती १८९६ पासूनच वापरीत होता. तिसरी रीत विलयाची. भिंगाचे द्वार हळूहळू मिटावे, फीत मागे घ्यावी आणि द्वार उघडीत तिच्यावरच नवे दृश्य घ्यावे; मग एक दृश्य दुसऱ्यात विरघळते. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’च्या प्रारंभी फाळक्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी मुद्राभिनय करताना दिसते आणि बघता बघता तिचा बालकृष्ण होतो. घरची मुलगी देव होते, ती या विलयाने.

परंतु हे सारे ज्या फितीवर घडले, तिच्यामागचे हात आपण सहसा आठवीत नाही. कोरी फीत छिद्रांवाचून येई. दिवसभर चित्रणाच्या मंडळींचा स्वयंपाक करून सरस्वतीबाई फाळके रात्री अंधारात त्या फितीला छिद्रे पाडीत. फीत धुण्याचे कामही त्या शिकल्या होत्या. काही अभ्यासक त्यांना भारतातील पहिल्या संकलक मानतात. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, त्यामागे हे जागरण होते.

त्या चित्रपटाच्या चार रिळांपैकी आज पहिले आणि शेवटचेच उपलब्ध आहे. तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीतील असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. मधला भाग नाहीसा झाला. हा छेद कोणा संकलकाने घातलेला नाही. तो आपल्या बेपर्वाईने पडला. जोडणाऱ्याने सोडलेली जागा प्रेक्षक कल्पनेने भरून काढतो. विस्मृतीने पडलेली जागा मात्र कोणालाच भरता येत नाही.

मुलांची चित्रे मी म्हणूनच जपून ठेवतो. एखादे हरवले, तर रोपाला मध्येच हिसका बसतो.