विज्ञान काँग्रेस, भारतीय : नागपूरची अधिवेशने

भारतीय विज्ञान काँग्रेस संघटनेची नागपुरात भरलेली पाच वार्षिक अधिवेशने : ७ वे (१९२०), १८ वे (१९३१), ३२ वे (१९४५), ६१ वे (१९७४) आणि १०८ वे (२०२३). पहिले भरले तेव्हा नागपूर विद्यापीठ जन्माला यायचे होते. पाचवे विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त त्याच्याच अमरावती मार्गावरील आवारात भरले. मध्य भारतात विज्ञानशिक्षणाचा पाया कसा घातला गेला, हे या पाच अधिवेशनांच्या क्रमातून कळते. म्हणून त्यांची स्वतंत्र नोंद केली आहे.

*संघटना* : जे. एल. सायमनसेन व पी. एस. मॅकमहन या दोन ब्रिटिश रसायनज्ञांच्या पुढाकाराने आणि ब्रिटनमधील विज्ञानप्रसारक संस्थेच्या धर्तीवर स्थापना. पहिले अधिवेशन १५ ते १७ जानेवारी १९१४ दरम्यान कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत झाले. अध्यक्ष आशुतोष मुखर्जी. १०५ शास्त्रज्ञ उपस्थित होते व सहा विभागांत ३५ निबंध वाचले गेले. कार्यालय कोलकात्यात. अधिवेशन सामान्यतः जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या विद्यापीठाच्या वा संशोधनसंस्थेच्या यजमानपदाखाली भरत आले.

*१९२०* : अध्यक्ष प्रफुल्लचंद्र राय. आशुतोष मुखर्जींनंतर अध्यक्षपदी बसलेले हे दुसरे भारतीय. मधली पाचही वर्षे हा मान ब्रिटिश शास्त्रज्ञांकडे होता. मुखर्जी गणिती असले तरी व्यवसायाने न्यायाधीश होते. त्यामुळे आयुष्यभर प्रयोगशाळेत राबलेला भारतीय मनुष्य या संघटनेच्या अध्यक्षपदी प्रथम बसला तो नागपुरात. स्थानिक इतिहासात याची जितकी दखल घेतली जायला हवी होती, तितकी घेतली गेलेली नाही. राय यांनी १८९६ मध्ये मर्क्युरस नायट्राइट हे संयुग तयार केल्याचे जाहीर केले, हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला आणि बेंगॉल केमिकल हा औषधी व रसायनांचा कारखाना उभा केला. नागपूरच्या वेळी ते कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात पालित अध्यासनाचे प्राध्यापक होते. आधुनिक भारतातील विज्ञानाचा उदय हा त्यांच्या अध्यक्षीय भाषणाचा विषय होता.

नागपूर त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. शहरात मॉरिस व हिस्लॉप ही कला शाखेची, व्हिक्टोरिया हे विज्ञानाचे (नंतरची शासकीय विज्ञान संस्था) आणि एक कृषी महाविद्यालय होते. पदवी मात्र अलाहाबाद विद्यापीठाची मिळे. प्रांताला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ४ ऑगस्ट १९२३ रोजी. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. १९२० च्याच डिसेंबरात राष्ट्रसभेचे असहकाराचे अधिवेशनही नागपुरात भरले. एका वर्षात दोन काँग्रेसी पाहिलेल्या या शहराला लोकस्मृतीत आठवते ती दुसरीच.

*१९३१* : अध्यक्ष आर. बी. सेमूर सेवेल, प्राणिशास्त्रज्ञ, भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक.

*१९४५* : अध्यक्षपद शांतिस्वरूप भटनागर यांच्याकडे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये स्थापन झाली होती व भटनागर तिचे संचालक होते. युद्धामुळे आयात तुटलेली होती. औषधे, रंग, तेले, स्फोटके देशातच कशी बनवायची हा रसायनज्ञांपुढचा रोजचा प्रश्न होता. त्या दृष्टीने अधिवेशनाची जागा अत्यंत योग्य होती, कारण उपयोजित रसायनशास्त्र शिकवणारी लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था नागपुरात तीनच वर्षांपूर्वी (१९४२) सुरू झाली होती. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने आपली संपत्ती विद्यापीठाला दिली, ती उपयोजित विज्ञानाच्या, विशेषतः रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी. त्यांचे निधन १९३० चे. देणगी आणि संस्थेचे दार उघडणे यांत गेलेली १२ वर्षे विद्यापीठाच्या कारभाराबद्दल बरेच सांगतात. पण तेलतंत्र, खाद्यतंत्र व रंगतंत्र यांत या संस्थेने घडवलेली माणसे पाहता ही देणगी विदर्भाच्या विज्ञानेतिहासातील सर्वांत फलदायी ठरली. संस्थेला २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

१९४५ चे नागपूर विद्यापीठ म्हणजे आजचे नव्हे. त्याची हद्द जबलपूर-सागरपर्यंत होती. सागर विद्यापीठ १९४६ मध्ये, अमरावती १९८३ मध्ये व गोंडवाना २०११ मध्ये वेगळे झाले. १९४५ आणि २०२३ च्या यजमानांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे लागते.

*१९७४* : अध्यक्ष आर. एस. मिश्र, गणितज्ञ. नागपुरातील केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेला याच वर्षी राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) हे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी दिल्लीत असीमा चटर्जी संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या.

*२०२३* : ३ ते ७ जानेवारी, यजमान राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ (हे नाव २००५ पासून). अध्यक्ष विजयलक्ष्मी सक्सेना. १०८ वे अधिवेशन मुळात जानेवारी २०२१ मध्ये पुण्यात भरायचे होते. कोविडच्या साथीमुळे ते झाले नाही व २०२२ चे वर्षही कोरडे गेले. मुख्य विषय : महिला सक्षमीकरणासह शाश्वत विकासासाठी विज्ञान व तंत्रज्ञान. उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे केले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष असल्याचा उल्लेख त्यांच्या भाषणात होता. ज्वारीच्या मुलखात तो अधिक व्हायला हवा होता.

शास्त्रीय सत्रे १४ विभागांत झाली. त्यांखेरीज महिला, शेतकरी व बाल विज्ञान काँग्रेस, विज्ञान संवादकांचे सत्र आणि आदिवासी संमेलन भरले. आदिवासी संमेलनात आदिवासी स्त्रियांचे सक्षमीकरण व पारंपरिक ज्ञानपद्धती हे विषय होते. गडचिरोली व मेळघाट ज्या शहराला जवळचे, तेथे हे सत्र योग्यच होते. वनौषधी, मोह, डिंक, लाख यांचे ज्ञान ज्यांच्याकडे आहे ती माणसे संशोधनात सहसा माहिती देणारी म्हणून येतात, निबंधकर्ती म्हणून नाही. संमेलनाचे मोल या अंगाने तपासले पाहिजे. जोडीला संशोधनसंस्थांचे मोठे प्रदर्शन होते व शाळकरी मुलांनी त्याला गर्दी केली.

*कार्यपद्धती* : सभासद आपल्या निबंधाचा सारांश संबंधित विभागाकडे आधी पाठवतो, निवड झाल्यास तोंडी वा भित्तिपत्रकाने सादरीकरण होते. प्रत्येक विभागाला स्वतंत्र अध्यक्ष व त्याचे स्वतंत्र भाषण असते. तरुण शास्त्रज्ञांसाठीचा पुरस्कार १९८१ पासून. जुन्या इतिवृत्तांत अध्यक्षीय भाषणे, विभागीय भाषणे, सारांश व चर्चा असे चार भाग वेगळे छापले जात. अभ्यासकाला सर्वाधिक उपयोगी पडतो तो तिसरा, सारांशांचा भाग. त्या काळी कोण कशावर काम करत होते हे त्यातून कळते, भाषणांतून क्वचितच. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला आपले काम देशभरच्या विषयतज्ज्ञांपुढे मांडण्याची संधी देणारी फार थोडी व्यासपीठे आहेत, त्यांपैकी हे एक.

*टीका* : निबंधांच्या दर्जाविषयी आक्षेप जुने आहेत. मुंबई विद्यापीठातील १०२ व्या अधिवेशनात (२०१५) प्राचीन विमानविद्येवरील निबंधावरून वाद झाला. नोबेलविजेते वेंकटरामन रामकृष्णन यांनी २०१६ मध्ये या अधिवेशनांवर कठोर शब्दांत टीका केली. नागपूरच्या २०२३ मधील काही कार्यक्रमांबद्दलही मतभेद व्यक्त झाले.

*नंतर* : केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये अधिवेशनाचे आर्थिक पाठबळ काढून घेतले, संघटनेने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १०९ व्या अधिवेशनासाठी आधी लखनौ विद्यापीठाचे व नंतर पंजाबातील एका खासगी विद्यापीठाचे नाव पुढे आले. जानेवारी २०२४ मध्ये ते भरले नाही.