आधी बातमी, मग धाडस

श्रोतेहो, परवा पनवेलला शेजारचा मुलगा आमच्या ओट्यावर मोबाईलवर खेळत बसला होता. हेराचा खेळ. पहारेकऱ्यांची नजर चुकवून वाड्यात शिरायचं, काम साधायचं आणि गुपचूप बाहेर पडायचं. पाच-सहा वेळा सापडला. दर वेळी डाव पहिल्यापासून. मग एकदाचा निसटला. मी विचारलं, "आता कसा रे सुटलास?" तो म्हणाला, "काका, कुठला पहारेकरी केव्हा वळतो, ते आता पाठ झालंय!"

पोरानं मर्म सांगितलं. लपणं नंतरचं, आधी माहिती हवी.

५ एप्रिल १६६३ ची रात्र आठवा. शाहिस्तेखान पुण्यात लालमहालात मुक्कामाला होता. भोवती मोगलांची प्रचंड छावणी. शिवाजीमहाराज निवडक माणसं घेऊन त्या छावणीतून थेट वाड्यात शिरले. हे केवळ धाडस नव्हे. ज्या वाड्यात बालपण गेलं, तो त्यांना कोपरा न् कोपरा ठाऊक होता. महिना रमजानचा, दिवसभराच्या उपासानंतर जेवून माणसं सुस्तावलेली. मोगली फौजेत दख्खनी शिपाईही पुष्कळ, त्यामुळे मराठी चेहरा दिसला म्हणून कोणी दचकणार नव्हतं. मुदपाकखान्याच्या बाजूनं वाट काढून मंडळी आत गेली. खानाची बोटं तुटली, जीव बचावला. त्याचा मुलगा अबुल फत्ते ठार झाला आणि अंधारात काही स्त्रियांवरही वार झाले. खेळातली माणसं पुन्हा उभी राहतात. इथली राहिली नाहीत. पुढे औरंगजेबानं खानाला बंगालच्या सुभ्यावर धाडलं.

अशी बातमी आणणाऱ्यांचं नाव सहसा मागे उरत नाही. बहिर्जी नाईक हे सभासदाच्या बखरीत उरलेलं एक नाव. १६७९ साली जालन्याच्या स्वारीवरून परतताना मोगलांनी वाट अडवली, तेव्हा आडवाटेनं सगळ्यांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं ते त्यांनीच.

आता याची दुसरी बाजू पाहू. पनवेलहून पेणच्या वाटेला लागलं की कर्नाळ्याच्या पायथ्याशी शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव. जन्म १८४५ चा. त्यांनी रामोशांना हाताशी धरून इंग्रजांविरुद्ध बंड उभारलं. डोंगर, दऱ्या, चोरवाटा यांची रामोशांना खडान् खडा माहिती. पण सरकारनं बक्षीस लावलं, आणि बातमी उलट्या दिशेनं वाहू लागली. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडे, थकून झोपलेले असताना ते पकडले गेले. पुढे एडनच्या तुरुंगातून कोठडीचं दार उखडून ते निसटलेही! धाडसात तसूभर कमी नव्हते. पण बाहेरचा मुलूख परका, भाषा परकी, आसरा देणारं एक घर नाही. लगेच सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलं असले खेळ खेळतात म्हणून नुसतं रागावू नका. त्यांना लालमहालाचा आणि शिरढोणचा धडा जोडीनं सांगा. आणि विचारा, "वासुदेव बळवंत दाराबाहेर तर पडले, मग कमी काय पडलं?" उत्तर पोरांनाच शोधू द्या.