प्रवाह-विभागणी (जलतरण तलाव)

एकाच पंपातून येणारे गाळलेले पाणी तलावात परत सोडणाऱ्या तोट्या आणि कारंजी-धबधबे यांत वाटण्याची पद्धत. हे काम तीनमार्गी व्हॉल्व्ह करतो. कारंज्याकडे जास्त पाणी वळवले, की तोट्यांचा जोर ओसरतो, क्लोरीन सर्वत्र पोचत नाही आणि कोपऱ्यांत शेवाळ धरते. म्हणून व्हॉल्व्ह थोडाथोडा फिरवून आधी तोट्यांचा प्रवाह राखतात. दोन्ही वाटा एकदम बंद झाल्यास पंपावर ताण येतो.

एकाच पाण्याकडून अनेक कामे करून घेण्याचे देखणे उदाहरण मराठवाड्यातच आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून, पंपाविना, निव्वळ उताराच्या बळावर येते. उंच भिंतीवरून ते हौदात कोसळते. तेथे कारंजी आहेत. शिवाय याच पाण्याच्या जोरावर, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर व यात्रेकरूंसाठी, जाते दळत असे.