लॉग सर्व्हरच्या क्लस्टरसाठी सामायिक नेटवर्क साठवण

लॉग सर्व्हरच्या क्लस्टरमधील सर्व नोडना नेटवर्कवरून एकाच मार्गाने दिसणारी, एकाच वेळी लिहिता-वाचता येणारी आणि प्रामुख्याने बॅकअपसाठी राखलेली जागा. बहुधा ती एखाद्या नॅसवरील एनएफएस शेअर असते. विंडोजप्रधान कार्यालयांत एसएमबी शेअरही वापरतात. प्रस्तुत नोंद इलास्टिकसर्च आणि त्यातून २०२१ मध्ये वेगळे झालेले ओपनसर्च या इंजिनांवर चालणाऱ्या क्लस्टरविषयी आहे. नागिओस लॉग सर्व्हर, ग्रेलॉग यांसारखी उत्पादने याच घराण्यातील इंजिनांवर उभी असल्याने पुढील बहुतेक विवेचन त्यांनाही लागू पडते.

एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कली विद्यापीठात सेंडमेलसाठी सिसलॉग लिहिले, तेव्हा नोंदी एका यंत्रावरील एका फाइलीत जात आणि त्या फाइलीची प्रत काढली की बॅकअप झाला. क्लस्टरमध्ये एका दिवसाच्या नोंदींचा इंडेक्स अनेक शार्डमध्ये विभागला जातो. हे शार्ड वेगवेगळ्या नोडवर राहतात आणि गरजेप्रमाणे एका नोडवरून दुसऱ्यावर हलतात. त्यामुळे एकट्या नोडच्या डिस्कची प्रत काढून काहीच पुरे हाती लागत नाही. इलास्टिकसर्चच्या १.० आवृत्तीत, २०१४ साली, स्नॅपशॉटची सोय आली ती यासाठीच. प्रत्येक नोड आपल्याकडील शार्ड एका समान ठिकाणी नेऊन ठेवतो. हे ठिकाण म्हणजे रिपॉझिटरी, आणि ते सर्वांना दिसायला हवे म्हणून सामायिक साठवण लागते.

चालू इंडेक्स मात्र या साठवणीवर ठेवू नये. तीन नोड आणि एक मोठे नॅस असले की ‘सगळेच नॅसवर टाकू’ हा मोह हमखास होतो आणि तो आवर्जून टाळावा. प्रत्येक लेखनाची खात्री डिस्कपर्यंत पोचवताना इंजिन वारंवार एफसिंक करते. हा फेरा नेटवर्कवरून झाला की नोंदी घेण्याचा वेग कोसळतो. शिवाय इंजिनाच्या पोटात असलेले ल्युसीन उघड्या असलेल्या फाइलीही पुसते. स्थानिक फाइलप्रणालीत हे निर्धोक असते, एनएफएसवर त्यातून ‘स्टेल फाइल हँडल’ची दुखणी निघतात. याहून मोठे कारण रचनेचे आहे. एक नोड पडला तरी काम चालावे म्हणून रेप्लिका ठेवायच्या आणि सगळ्या रेप्लिका एकाच नॅसवर ठेवायच्या, तर त्या नॅसचा वीजपुरवठा बंद पडताच पूर्ण क्लस्टर बसतो. चालू इंडेक्ससाठी प्रत्येक नोडची स्वतःची एसएसडी आणि स्नॅपशॉटसाठी सामायिक नॅस, ही विभागणी आधी पक्की करावी. बाकीचे नियोजन त्यानंतर.

आकारमानाचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सेकंदाला १,००० नोंदी आणि प्रत्येक नोंद इंडेक्समध्ये सरासरी ५०० बाइट जागा घेते असे धरले, तर दिवसाला ४३.२ जीबी होतात. एक रेप्लिका असल्यास क्लस्टरमध्ये दिवसाला ८६.४ जीबी जागा जाते. ३० दिवस चालू ठेवायचे तर सुमारे २.६ टीबी, म्हणजे तीन नोडवर प्रत्येकी ८६४ जीबी. एवढ्यावर थांबता येत नाही. डिस्क ८५ टक्के भरली की इंजिन त्या नोडला नवे शार्ड देणे थांबवते, ९० टक्क्यांना असलेले शार्ड हलवू लागते आणि ९५ टक्क्यांना त्या नोडवर शार्ड असलेल्या इंडेक्समध्ये लेखनच बंद करते. तीनांतील एक नोड गेला तर उरलेल्या दोघांना प्रत्येकी १,२९६ जीबी पेलावे लागतात. तेव्हा दीड टीबी ही तळाची मर्यादा ठरते आणि दोन टीबीची डिस्क घेणे शहाणपणाचे.

सामायिक साठवणीचा हिशेब वेगळा आहे आणि इथेच अनेकदा दुप्पट जागा मागितली जाते. स्नॅपशॉटमध्ये फक्त प्राथमिक शार्ड जातात, रेप्लिका जात नाहीत. म्हणून वरील उदाहरणात दिवसाला ४३.२ जीबीच धरायचे. भारतात सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना माहिती-तंत्रज्ञान प्रणालींच्या नोंदी मागील १८० दिवसांसाठी जपून ठेवाव्या लागतात. ४३.२ गुणिले १८० म्हणजे ७.८ टीबीच्या आसपास. वाढीसाठी पाव भाग सोडला तर वापरण्याजोगी १० टीबी जागा हवी. रेड ६ मध्ये चार टीबीच्या पाच डिस्क बसवल्या तर १२ टीबी मिळतात. कार्डव्यवहार हाताळणाऱ्यांना पीसीआय डीएसएस मानकानुसार वर्षभराच्या नोंदी ठेवाव्या लागतात आणि त्यांतील अलीकडचे तीन महिने लगेच उपलब्ध असावे लागतात. ३० दिवस चालू ठेवण्याचे गृहीतक त्यांच्यासाठी तिथेच बदलते. नोंदींचा सरासरी आकार मात्र कोष्टकातून उचलू नये. फायरवॉलची एक ओळ आणि विंडोजची एक सुरक्षानोंद यांच्या आकारात मोठा फरक असतो. आठवडाभर प्रत्यक्ष नोंदी घेऊन इंडेक्सचा आकार मोजावा.

स्नॅपशॉट वाढीव स्वरूपाचे असतात. इंडेक्सच्या फाइली, म्हणजे सेगमेंट, एकदा लिहिल्या की बदलत नाहीत, त्यामुळे आधी नेलेला सेगमेंट पुन्हा नेला जात नाही. पण चालू दिवसाच्या इंडेक्समध्ये छोटे सेगमेंट सतत एकत्र होऊन नवे बनत असतात. अशा इंडेक्सचा तासातासाला स्नॅपशॉट घेतला तर त्याच नोंदी नव्या सेगमेंटच्या रूपाने पुन्हा नॅसवर जातात. इंडेक्स दिवसवार असेल तर दिवस संपल्यावर, लेखन थांबल्यावर त्याचा स्नॅपशॉट घेणे जागेच्या दृष्टीने सर्वांत काटकसरीचे. मधल्या काही तासांचे रक्षण रेप्लिका करते.

प्रत्यक्ष उभारणीत घोटाळा होतो तो बहुधा परवानग्यांत. रिपॉझिटरीचा मार्ग प्रत्येक मास्टर व डेटा नोडवर अक्षरशः एकच असावा लागतो आणि तो प्रत्येक नोडच्या संरचना-फाइलीत ‘पाथ.रेपो’ या ओळीत लिहून नोड पुन्हा सुरू करावा लागतो. एवढे करूनही रिपॉझिटरी नोंदवताना त्रुटी येते: मास्टरने लिहिलेली फाइल अमुक नोडला वाचता येत नाही, जागा सामायिक नसावी किंवा परवानगी नसावी. इंजिन येथे स्वतःच पडताळणी करत असते. मास्टर एक चाचणी-फाइल लिहितो आणि इतर प्रत्येक नोडला ती दिसते का, हे विचारले जाते. फाइल न दिसण्याचे नेहमीचे कारण क्रमांकांत दडलेले असते. एनएफएसच्या सर्वसाधारण सुरक्षापद्धतीत वापरकर्त्याचे नाव पाहिले जात नाही, त्याचा युजर आयडी पाहिला जातो. पॅकेज बसवताना ‘इलास्टिकसर्च’ या वापरकर्त्याला एका नोडवर ९९१ मिळालेला असतो, दुसऱ्यावर ९८९. नाव तेच, नॅसच्या लेखी माणसे दोन. उपाय सोपा आहे, पण तो आधी करायचा असतो: पॅकेज बसवण्यापूर्वी सर्व नोडवर तोच युजर आयडी आणि तोच ग्रुप आयडी देऊन हा वापरकर्ता तयार करावा. फोल्डरची मालकी ‘रूट’ म्हणून नोडवरून बदलायला गेल्यास नॅसचे ‘रूट स्क्वॉश’ आडवे येते. मालकी नॅसवरच बदलावी. सगळ्यांना सगळी परवानगी देऊन वेळ मारून नेण्याची सवय मात्र घातक आहे, कारण नोंदींत वापरकर्त्यांची नावे, आयपी पत्ते, क्वचित पासवर्डही असतात. शेअर फक्त क्लस्टरच्या नोडनाच खुला असावा आणि शक्य तर वेगळ्या व्हीलॅनवर असावा.

माउंट ‘हार्ड’ ठेवावे. ‘सॉफ्ट’ माउंटमध्ये नॅसने वेळेत उत्तर दिले नाही तर लेखन अर्धवट सोडून दिले जाते आणि त्यातून डेटा निकामी होऊ शकतो. दुसरा धोका वीज गेल्यानंतरचा. सर्व्हर भराभर सुरू होतात, नॅसला वेळ लागतो, एखाद्या नोडवर माउंट होत नाही. पण त्या मार्गावर रिकामे फोल्डर असतेच. तो नोड निमूटपणे स्वतःच्या सिस्टिम डिस्कवर स्नॅपशॉट लिहू लागतो. डिस्क भरते, आणि बॅकअपमधले ते शार्ड नॅसवर नसतात. हे टाळण्यासाठी माउंट करण्यापूर्वीच ते रिकामे फोल्डर लिनक्सच्या ‘चॅटर’ आज्ञेने अपरिवर्तनीय करून ठेवतात. मग माउंट नसताना लेखन थेट फसते आणि त्रुटी समोर येते. प्रत्येक रीबूटनंतर रिपॉझिटरीची पडताळणी हाताने पुन्हा चालवणे हीही चांगली सवय.

एका रिपॉझिटरीत एकाच क्लस्टरने लिहावे. चाचणीच्या क्लस्टरला तेच स्नॅपशॉट हवे असतील तर त्याच्याकडे ती केवळ वाचनासाठी नोंदवावी. दोघांनी लिहिल्यास अनुक्रमणिका बिघडते. जुने स्नॅपशॉट पुसतानाही इंजिनाच्या आज्ञेनेच पुसावेत. एकच सेगमेंट अनेक स्नॅपशॉटना लागतो, त्यामुळे जागा मोकळी करण्यासाठी हाताने उडवलेली एक फाइल कित्येक दिवसांचे बॅकअप वाया घालवू शकते.

नेटवर्कचा वेग स्नॅपशॉटसाठी सहसा पुरतो, प्रश्न परत आणण्याचा असतो. एक गिगाबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. रोजचे ४३.२ जीबी सात मिनिटांत जातील, पण चौकशीसाठी दहा दिवसांच्या नोंदी परत हव्या असल्यास तासाहून अधिक वेळ लागेल आणि पूर्ण १८० दिवसांसाठी जवळजवळ वीस तास. प्रत्येक नोडवर इंजिनाची स्वतःचीही मर्यादा असते, मूळ मांडणीत सेकंदाला ४० एमबी. नॅसला दहा गिगाबिटची जोडणी दिली आणि ही मर्यादा तशीच ठेवली, तर खर्चाचा फायदा दिसत नाही. परत आणताना रेप्लिका शून्य करावी, निम्मी जागा वाचते.

दीर्घकाळ नोंदी जपणाऱ्यांनी आवृत्त्यांकडेही लक्ष द्यावे. एका मुख्य आवृत्तीत तयार झालेला इंडेक्स सर्वसाधारणपणे फक्त पुढच्याच मुख्य आवृत्तीत परत आणता येतो: इलास्टिकसर्च ६ मधील इंडेक्स ७ मध्ये उघडतो, ८ मध्ये नेहमीच्या पद्धतीने उघडत नाही. पाच-सात वर्षे नोंदी ठेवण्याचे बंधन असेल, तर स्नॅपशॉटबरोबर मूळ नोंदींच्या साध्या, संकुचित मजकूर-फाइलीही वेगळ्या ठिकाणी जपाव्यात आणि साठवणीच्या मागणीपत्रात त्यांची जागा पहिल्यापासून धरावी.