बैठकीतील गैरहजर माणूस

1946 सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, न्यू ब्रिटन या गावी, शिक्षक आणि समाजसेवक यांच्यासाठी एक प्रशिक्षणवर्ग भरला होता. वर्णद्वेष व धर्मद्वेष यांवर काही तोड निघावी या हेतूने राज्याच्या आंतरवांशिक आयोगाने तो योजला होता, आणि त्याची सूत्रे होती कुर्ट लेविन या ज्यू मानसशास्त्रज्ञाच्या हाती. लेविन 1933 साली हिटलरच्या जर्मनीतून देशोधडीला लागून अमेरिकेत आले होते. त्यांची आई मागेच राहिली आणि नात्झींच्या संहारात बळी पडली. समूहाचा द्वेष ही त्यांच्यापुरती ग्रंथातली समस्या नव्हती.

वर्गात दिवसा गटागटांनी चर्चा चाले. प्रत्येक गटात एक निरीक्षक मुकाट्याने बसून कोण बोलले, कोण दबले, कोणी कोणाचे म्हणणे अर्ध्यावर तोडले याची टिपणे करी, आणि रात्री लेविन व त्यांचे सहकारी त्या टिपणांवर खल करीत. एके रात्री तीन प्रशिक्षणार्थी तेथे आले आणि आम्हालाही बसू द्याल का, असे त्यांनी विचारले. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्या समक्ष बोलायचे कसे, या विचाराने सहकारी संकोचले. परंतु लेविन यांनी त्यांना बसवून घेतले. थोड्याच वेळात एका निरीक्षकाने त्या तिघांपैकी एका बाईंच्या दिवसभरातील वर्तनाची हकिकत सांगितली, तेव्हा बाई मध्येच थांबवून म्हणाल्या की, असे काही घडलेच नाही. टिपण एक सांगत होते आणि बाईंची आठवण दुसरेच. दोन्हींचा मेळ घालता घालता सगळी बैठक जागी झाली, आणि पुढच्या रात्रींना इतर प्रशिक्षणार्थीही त्या बैठकीला येऊ लागले.

समूहातील कलह सोडविण्याच्या आधुनिक विद्येची जन्मकथा सांगताना या रात्रीचा उल्लेख नेहमी होतो, आणि तो यथायोग्यच आहे. लेविन 1947 च्या फेब्रुवारीत वारले, पण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मेन राज्यातील बेथेल येथे त्यांच्या सहकाऱ्यांनी जे वर्ग सुरू केले, त्यांतून प्रशिक्षणगटांची पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे पूर्वी वतनाचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा तंटा गावाच्या गोतसभेपुढे येई तेव्हा महजरावर, म्हणजे निवाड्याच्या लेखावर, देशमुख-देशपांड्यांच्या शिक्क्यांबरोबर पाटलाच्या नांगराची आणि बलुतेदारांच्या हत्यारांची निशाणी पडे, आणि त्या साक्षींच्या बळावर निवाडा टिके. या नव्या विद्येने मात्र निवाड्याचा अधिकारच स्वतःकडे घेतला नाही. कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे हे ठरविण्याआधी, ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो माणूस बैठकीत आहे की नाही, हे पाहणे तिने आपले काम मानले. तिचा पुढचा सारा इतिहास मला या एका प्रश्नाचा विस्तार वाटतो.

हा प्रश्न ज्याने सर्वांत दूरवर नेला, तो अर्नोल्ड मिंडेल हा मनोचिकित्सक मुळात पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी होता. त्याचा जन्म 1940 सालचा. ज्या एमआयटी संस्थेत लेविन यांनी आपले समूहगतिशास्त्राचे संशोधनकेंद्र स्थापिले होते, तेथेच पुढे त्याने पदार्थविज्ञानाचे शिक्षण घेतले. नंतर तो झुरिकला गेला. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग 1961 च्या जूनमध्ये निवर्तले होते, परंतु त्यांची शिष्यपरंपरा त्या नगरात नांदत होती. मारी-लुईझ फॉन फ्रान्झ यांच्यासारख्या अधिकारी विदुषीपाशी मिंडेलने स्वप्नमीमांसेचे अध्ययन केले आणि तो तेथेच चिकित्सा करू लागला.

युंगपंथाचा भर स्वप्नांवर. मिंडेलचे लक्ष हळूहळू देहाकडे वळले. जठराच्या कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या एका रुग्णाची हकिकत त्याने लिहून ठेवली आहे. पोटात काहीतरी वाढते आहे, अशी त्या गृहस्थाची तक्रार होती. त्याचे सांत्वन करण्याऐवजी मिंडेलने त्याला ती वेदना पुरतेपणी अनुभवावयास, किंबहुना वाढवावयास सांगितले, तेव्हा त्या सौम्य, अबोल माणसाच्या तोंडून असे निघाले की, मला फुटून बाहेर यायचे आहे, आजवर मला मोकळे बोलताच आले नाही. आणि याच माणसाला, आपल्याला असाध्य रोग झाला असून त्यावरचे औषध बॉम्बसारखे आहे, असे स्वप्नही पडले होते. एका रुग्णाच्या हकिकतीने वैद्यकाचा सिद्धान्त सिद्ध होत नाही. परंतु देहाची व्यथा आणि रात्रीचे स्वप्न एकच गोष्ट दोन भाषांत सांगत असतात, ही मिंडेलची दृष्टी येथे स्पष्ट दिसते. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रीमबॉडी’ या ग्रंथात त्याने तिची मांडणी केली, आणि तिच्यातूनच प्रक्रियाप्रधान मानसशास्त्र उभे राहिले.

त्याचे सूत्र असे की, मनुष्य ज्याला ‘मी’ म्हणतो ती त्याची प्राथमिक प्रक्रिया होय. जे त्याच्यात घडत असूनही तो आपले म्हणत नाही, ती दुय्यम. आणि या दोहोंमध्ये एक उंबरठा असतो, जेथे तो अडखळतो, विषय बदलतो किंवा उगाच हसतो. चिकित्सकाने त्याला ओढून पलीकडे न्यायचे नसते. उंबरठ्याशी त्याच्याबरोबर थांबायचे असते.

जे एका माणसाचे तेच समूहाचे, असे 1980 नंतरच्या दशकात मिंडेलला प्रकर्षाने वाटू लागले, आणि पत्नी एमी व इतर सहकारी यांच्यासह ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे येऊन त्याने या कार्याला वाहून घेतले. समूहालाही उंबरठा असतो, आणि तो ज्याला आपले म्हणत नाही असा कोणीतरी त्याच्या प्रत्येक बोलण्यात वावरत असतो. एखाद्या सभेत सारे जण सरकारविषयी, पूर्वजांविषयी किंवा मालकाविषयी बोलत असतात आणि तो तर सभेत नसतो. अशा वेळी सूत्रधार विचारतो की, त्याच्या वतीने कोणी बोलेल काय? मग एखादा माणूस उठतो, चार पावले बाजूला जाऊन उभा राहतो आणि ज्याची सर्वांना धास्ती त्याच्या मुखाने बोलू लागतो. दुसरा त्याला उत्तर देतो. काही वेळाने पहिला थकून आपल्या जागी परततो आणि त्या रिकाम्या जागेवर तिसराच कोणी, कित्येकदा पीडितांपैकीच एखादा, जाऊन उभा राहतो. भूमिका माणसाहून मोठी असते आणि माणूस भूमिकेहून मोठा असतो, हे पाहणाऱ्यांना तेथे डोळ्यांनी दिसते. शेकडो माणसांच्या सभांमध्ये वंश, धर्म आणि युद्ध यांचे विषय त्याने याच रीतीने हाताळले, आणि या तत्त्वाला सखोल लोकशाही असे नाव दिले.

या मार्गात धोका आहे, आणि तो मिंडेलनेच उघड सांगितला. 1995 सालच्या ‘सिटिंग इन द फायर’ या ग्रंथात दर्जाचा, म्हणजे जन्माने, वर्णाने, शिक्षणाने वा पदाने लाभलेल्या बळाचा विचार केंद्रस्थानी आहे. ज्याच्यापाशी दर्जा असतो त्याला तो बहुधा जाणवत नाही, आणि ज्याच्यापाशी नसतो त्याला तो क्षणोक्षणी जाणवतो. शांतपणे बोला, असे दुखावलेल्याला बजावणे हाही दर्जाचाच वापर असू शकतो. म्हणून सूत्रधाराने प्रथम स्वतःच्या दर्जाचा हिशेब मांडावा, असा त्याचा आग्रह होता.

या विद्येची खरी कसोटी दक्षिण आफ्रिकेत लागली. तेथील मानसशास्त्रज्ञ मर्ना लुईस आणि त्यांचे पती ग्रेग यांनी 1990 नंतरच्या वर्षांत, वर्णभेदाची राजवट मावळत असताना, एस्कॉम या वीजनिर्मिती करणाऱ्या प्रचंड संस्थेत मिंडेलच्या तत्त्वांना कार्यालयात उपयोगी पडेल असे सुटसुटीत रूप दिले. कालपर्यंत हुकूम देणारे आणि हुकूम झेलणारे आता एका मेजाभोवती बसणार होते. लुईस यांच्या पद्धतीत सर्वांची मते घेतली जातात, ‘नाही’ म्हणणाऱ्याचा शोध मुद्दाम घेतला जातो, आणि हे ‘नाही’ आणखी कोणाच्या मनात आहे काय, असे विचारून त्याचे एकाकीपण घालविले जाते. मग बहुमताने निर्णय होतो. सामान्य सभेचे इतिवृत्त येथे संपते; या पद्धतीत मात्र विरुद्ध मत दिलेल्यांना विचारले जाते की, या निर्णयाबरोबर यायचे तर तुम्हाला काय हवे? त्यांचे उत्तर निर्णयात मिळविले जाते.

मिंडेल 2024 साली वारला. अशा सभांतून निघणारी तोड तात्पुरती असते, हे त्याचे अनुयायी प्रांजळपणे मान्य करतात. उद्या तीच माणसे त्याच प्रश्नावर पुन्हा भांडतील. परंतु ज्या समाजात बहुमत झाले की विषय मिटला असे मानण्याची सवय जडली आहे, तेथे हरलेल्याकडे वळून त्याची गरज विचारणे ही मला फार मोठी सुधारणा वाटते. आपल्या ग्रामसभेत, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत, किंबहुना घरातल्या जेवणाच्या पंगतीतही, ज्याच्याविषयी सगळे बोलतात आणि ज्याला कोणी बोलावीत नाही असा एक माणूस असतो. न्यू ब्रिटनच्या त्या रात्री अशा तिघांनी स्वतःच येऊन विचारले होते. पुष्कळांना तेवढेही धैर्य होत नाही. त्यांना बोलावणे आपणच धाडले पाहिजे.