सहा ड्यूट्या आणि १३० किलोमीटर

रेडिओ-टीव्हीवरच्या प्रादेशिक निवेदकाला त्याचा आवाज वर आणतो, असं सहसा मानलं जातं. पूर्व विदर्भातल्या गोरेगावकडून पाहिलं तर आवाजाआधी माणसाचा राहता पत्ता विचारला जात होता, असं दिसतं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झालं. तेव्हा गोरेगाव भंडारा जिल्ह्यात होतं. १९५६ला हा मुलूख मुंबई राज्यात गेला, १९६०ला महाराष्ट्रात आला, १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. धानाच्या या पट्ट्यातल्या कुणाला मराठीत माइकसमोर बसायचं, तर वाट मात्र नागपूरचीच राहिली. आता केंद्रातला हिशेब पाहा. कायम निवेदक मोजकेच. बरंचसं काम कॅज्युअल मंडळींवर चालायचं. त्यांची आवाजाची चाचणी व्हायची आणि पुढे वाट्याला यायच्या महिन्याला फार तर सहा ड्यूट्या. सकाळची पहिली सभा सहाच्या आत उघडायची; क्यू शीट पाहून, टेप लावून निवेदकाला त्याआधी तयार असावं लागायचं. गोरेगावच्या माणसाने आधी गोंदिया गाठायचं, तिथून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर नागपूर, म्हणजे मुक्काम आदल्या रात्रीचाच. सहा ड्यूट्यांच्या मानधनात हे परवडायचं कुणाला?

खरी गुणवत्ता असेल तर माणूस शहरात जाऊन राहील, असा आक्षेप कुणी घेईल. राहील, पण खाईल काय? नागपूर आकाशवाणीशी जोडलेलं मोठं नाव पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. ते ‘मास्तर’ म्हणून ओळखले जात. शिकवणं, नाटक आणि रेडिओ यांची सांगड त्यांना घालता आली, कारण तिन्ही एकाच शहरात होती. त्यांच्या प्रतिभेला यात उणेपणा नाही. अशी सांगड गोरेगावात बसून घालणं मात्र अशक्य होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: त्या भागात बोलके कलावंत होते कुठे? होते की! पूर्व विदर्भात दंडार आणि खडी गंमत रात्र-रात्र रंगायची, वडसा हे झाडीपट्टी नाटकांचं मोठं केंद्र झालं. समोरच्या गर्दीला पहाटेपर्यंत बांधून ठेवणं स्टुडिओतल्या निवेदनाहून सोपं नक्कीच नाही. दिवाळीनंतरचा हंगाम या कलावंतांना हातात पैसा द्यायचा; तो सोडून महिन्याच्या सहा ड्यूट्यांमागे कोण धावेल?

टीव्हीने हे अंतर मिटेल अशी आशा होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, म्हणजे पडद्यावरचा मराठी चेहरा आणखी पश्चिमेला गेला. २०००मध्ये ईटीव्ही मराठी आली. तिने जिल्ह्याजिल्ह्यातल्या बातम्यांना जागा दिली, हे तिचं श्रेय. पण बातम्या वाचल्या जायच्या हैदराबादहून, त्यामुळे निवेदक व्हायचं तर बिऱ्हाड थेट परराज्यात हलवावं लागे.