डबल ब्रेस्टेड सूट आणि जुन्या फायली

शनिवारी सकाळी चहा झाला की मी गुन्हेगारीवरच्या डॉक्युमेंटरी बघत बसतो. (घरच्यांना माझी काळजी वाटते, ते सोडा.) त्यात कोणीतरी तज्ज्ञ नुसते फोटो बघून सांगतो, की गुन्हेगार तिशीतला, एकलकोंडा आणि आईला घाबरणारा आहे. याला म्हणतात प्रोफाइलिंग. आणि या पंथाची मूळ पोथी म्हणजे न्यूयॉर्कच्या 'मॅड बॉम्बर'ची केस.

नोव्हेंबर १९४० मध्ये कन्सॉलिडेटेड एडिसन या वीज कंपनीच्या मॅनहॅटनमधल्या इमारतीत एक न फुटलेला पाइपबॉम्ब सापडला. सोबत कंपनीला चोर म्हणणारी चिठ्ठी. पुढे अमेरिका युद्धात उतरली तेव्हा या गृहस्थांनी चक्क पत्र लिहून कळवलं, की देशप्रेमापोटी युद्ध संपेपर्यंत बॉम्ब बंद! शब्द पाळलाही. १९५१ मध्ये पुन्हा सुरुवात. रेल्वे स्टेशन, लायब्ररी, थिएटरच्या खुर्च्या.. एकूण ३३ बॉम्ब ठेवले, २२ फुटले, १५ जण जखमी झाले.

१९५६ च्या डिसेंबरात मेटाकुटीला आलेले पोलीस डॉ. जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञाकडे गेले. त्याने सांगितलं: मध्यमवयीन, अविवाहित, स्लाव्ह, कॅथलिक, भावंडांबरोबर राहणारा. आणि पकडाल तेव्हा अंगात डबल ब्रेस्टेड सूट असेल, बटणं लावलेला. जानेवारी १९५७ मध्ये कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीत जॉर्ज मेटेस्की सापडला. वय ५३, लिथुआनियन वंशाचा, कॅथलिक, दोन अविवाहित बहिणींबरोबर राहणारा. दार उघडलं पायजम्यात, पण कपडे बदलून आला तो डबल ब्रेस्टेड सूट घालून. बटणं लावून!

पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण ही सुटाची गोष्ट गाजली ती ब्रसेलच्याच १९६८ च्या पुस्तकातून. २५ डिसेंबर १९५६ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापलेल्या वर्णनात सूट नाही, वय मात्र ४० ते ५० आहे. २००७ साली माल्कम ग्लॅडवेलनं न्यूयॉर्करमध्ये याचा चांगलाच समाचार घेतला होता. मूळ अंदाजात जर्मनीत जन्म, चेहऱ्यावर व्रण, रात्रपाळीची नोकरी असलंही बरंच काही होतं. जे चुकलं ते गळलं, जे जुळलं ते राहिलं. (शिवाय डबल ब्रेस्टेड सूट बटणं उघडी टाकून कोण घालतं?)

मेटेस्की सापडला तो फायलींमुळे. कंपनीतल्या अ‍ॅलिस केली या कर्मचारी बाईंनी नुकसानभरपाईच्या जुन्या फायली उपसल्या आणि एकीत त्याच्या चिठ्ठ्यांतलेच शब्द दिसले. ५ सप्टेंबर १९३१ ला त्याला कामावर अपघात झाला होता, आणि ती तारीख त्याने स्वतःच एका वर्तमानपत्राला पत्रातून कळवली होती.

ब्रसेलला अगदीच मोडीत काढू नये. प्रोफाइल छापून आणा, हा आग्रह त्याचाच, आणि त्या प्रसिद्धीनंतरच बॉम्बर पत्रांतून जास्त बोलायला लागला. लांबलचक यादीत आधी कोणाकडे बघायचं, एवढ्यापुरतं हे तंत्र कामाचं आहे. ब्रिटनमध्ये १९९५ साली १८४ केसेसची पाहणी झाली. त्यात ८० टक्क्यांहून जास्त वेळा तपास अधिकारी म्हणाले, सल्ला उपयोगी होता. त्यातून थेट गुन्हेगार ओळखला गेला तो २.७ टक्के वेळा.

पण त्याच ब्रिटनमध्ये १९९२ साली विम्बल्डन कॉमनवर एका तरुण आईचा खून झाला. प्रोफाइलमध्ये बसतो म्हणून पोलिसांनी एकाला धरलं, एका महिला पोलिसाला त्याच्याशी खोटी मैत्री करायला लावली आणि वर्षाहून जास्त कोठडीत ठेवलं. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो सगळा पुरावा झिडकारला. खरा खुनी रॉबर्ट नॅपर, त्याने २००८ मध्ये गुन्हा कबूल केला. मधल्या काळात, १९९३ च्या नोव्हेंबरात, भलताच माणूस आत असताना, नॅपरने आणखी एक आई आणि तिची चार वर्षांची मुलगी मारली होती.

मला हे वाचून हसू येत नाही, कारण एका जुन्या नोकरीत मीही प्रोफाइल केलंय. रात्रीत एक टेबल रिकामं झालं होतं. टीममध्ये एक नवा मुलगा होता: घाईत काम करणारा, टेस्टिंगचा कंटाळा, सहाला बॅग उचलणारा. मॅनेजरला मी छातीठोकपणे त्याचं नाव सांगितलं. सर्व्हरचे लॉग उघडले तिसऱ्या दिवशी. टेबल माझ्याच एका विसरलेल्या स्क्रिप्टनं साफ केलं होतं. मी सॉरी म्हणालो, तो 'चालतं हो' म्हणाला. जेवायला मात्र तो नंतर कधी आमच्या टेबलावर आला नाही.